रोजच्या इच्छा, भावना आणि समाधान फोनवरून कसं मोजावं?

प्रश्न असा आहे: लोकांच्या रोजच्या जगण्यातल्या इच्छा, भावना आणि एकूण समाधान यांचा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी दिवसातून काही वेळा त्यांच्या फोनवर छोटी प्रश्नावली पाठवायचा विचार आहे. किती वेळा विचारावं, काय विचारावं, किती माणसं लागतील, आणि एकदाच मोठी प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा हा सगळा खटाटोप खरंच करण्यासारखा आहे का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. 'कोणत्या प्रकारची माणसं जास्त समाधानी असतात' हे शोधायचं असेल, तर बहुतेक वेळा एक चांगली प्रश्नावली पुरते. त्यासाठी लोकांना आठवडाभर त्रास देऊ नका. पण 'तेच माणूस कधी समाधानी असतं आणि कधी नसतं, कुठल्या क्षणी मोह वरचढ ठरतो, त्यानंतर त्याला कसं वाटतं' हे शोधायचं असेल, तर एकदाच भरलेली प्रश्नावली कितीही लांबवली तरी उत्तर देणार नाही. या पद्धतीची ताकद एकाच गोष्टीत आहे: माणसाची तुलना दुसऱ्या माणसाशी न करता त्याच्याच दुसऱ्या क्षणाशी करता येते. तुमचा संशोधन-प्रश्न या तुलनेत मांडता येतो का, हे आधी कागदावर लिहून पाहा. मांडता येत असेल तर सूचनांची (म्हणजे प्रश्नावली भरायला सांगणाऱ्या फोनवरच्या नोटिफिकेशनची) संख्या, प्रश्नांची भाषा आणि शेवटचं विश्लेषण यांचे निर्णय बरेच सोपे होतात.

या पद्धतीची गरज पडते ती आठवणीच्या स्वभावामुळे. रेडेलमायर आणि काहनमन यांनी 1996 मध्ये कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या तपासणीच्या, रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तपासणी चालू असतानाच क्षणाक्षणाच्या वेदना नोंदवल्या आणि नंतर 'एकूण किती त्रास झाला' असंही विचारलं. नंतरचं उत्तर ठरत होतं ते सर्वांत वाईट क्षणावरून आणि शेवटच्या काही मिनिटांवरून. तपासणी किती वेळ चालली याचा त्या उत्तरावर जवळपास परिणामच नव्हता. रोजच्या भावनांचंही तसंच होतं. 'गेल्या महिन्यात तुम्ही किती चिडलात' या प्रश्नावर कोणी तीस दिवस मोजत बसत नाही. माणूस स्वतःविषयीच्या कल्पनेकडे वळतो, 'मी तसा शांत आहे' असं म्हणतो आणि त्यावरून आकडा टाकतो. पुढचे निर्णय माणूस अशा आठवणींवरूनच घेतो, म्हणून हे उत्तर खोटं म्हणता येणार नाही. मात्र ते आयुष्याविषयीच्या मताचं उत्तर आहे, जगलेल्या दिवसाचं नाही. तुम्हाला कुठलं हवंय ते ठरवा. दोन्ही हवी असतील तर दोन्ही वेगवेगळी मोजा आणि एकाला दुसऱ्याचा पर्याय समजू नका.

पद्धत जुनी आहे. 1970 च्या दशकात शिकागोमध्ये मिहाय चिक्सेंटमिहायी आणि रीड लार्सन यांनी किशोरवयीन मुलांना पेजर दिले. पेजर वाजला की सोबतच्या कागदावर त्या क्षणाची नोंद करायची. त्यावरचा पहिला लेख 1977 चा. कागदाची मोठी अडचण म्हणजे नोंद नक्की कधी केली हे कळत नाही. स्टोन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांना कागदी डायरी दिली आणि त्या डायरीत ती उघडल्याची वेळ टिपणारा प्रकाश-संवेदक लपवला. रुग्णांच्या म्हणण्याप्रमाणे नव्वद टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. संवेदकाच्या हिशोबाने खरोखर वेळेवर झालेल्या नोंदी होत्या 11 टक्के. त्याच अभ्यासात इलेक्ट्रॉनिक डायरीवर हे प्रमाण 94 टक्के होतं. स्मार्टफोनचा पहिला मोठा फायदा हाच आहे की उत्तरावर वेळेचा शिक्का बसतो. फोन सगळ्यांच्या खिशात असतो, हा फायदा त्याच्या मागून येतो.

आता इच्छांकडे वळू, कारण सर्वांत जास्त घोळ इथे होतो.

या क्षेत्रात नेहमी दाखला दिला जातो तो विल्हेल्म हॉफमन, रॉय बाउमाइस्टर, कॅथलीन वोह्स आणि सहकाऱ्यांच्या 2012 च्या अभ्यासाचा. जर्मनीतल्या वुर्झबर्ग भागातल्या 205 प्रौढांना आठवडाभर दिवसातून सात वेळा सूचना गेली आणि इच्छांच्या 7,827 नोंदी जमल्या. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न होता, आत्ता किंवा गेल्या अर्ध्या तासात एखादी इच्छा जाणवली का? 'आत्ता' असं उत्तर जवळपास निम्म्या वेळा आलं. म्हणजे अचानक हटकलं तरी जागा माणूस अर्धा वेळ काही ना काही हवं असण्याच्या स्थितीत सापडतो. सर्वांत जास्त वेळा आढळलेल्या इच्छा साध्याच होत्या: खाणं, पिणं, झोप. तीव्रतेत झोप आणि लैंगिक इच्छा वर होत्या. तंबाखू आणि मद्य यांच्या इच्छांची सरासरी तीव्रता मात्र सर्वांत कमी निघाली. व्यसनाविषयीच्या आपल्या समजुतीत हे बसत नाही, म्हणून ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रतिकार करूनही सर्वांत जास्त हार पत्करावी लागली ती टीव्ही, इंटरनेट, संदेश वगैरे माध्यमांच्या इच्छेपुढे. त्याच जोडीला काम करत राहण्याची इच्छाही होती. माझ्या मते इथे इच्छेच्या जोरापेक्षा सहज उपलब्धता जास्त बोलते. जे साधन हातातच आहे आणि ज्याची किंमत त्या क्षणी जाणवत नाही, त्याला 'नको' म्हणायला वेगळा क्षणच मिळत नाही.

पण या अभ्यासातून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रश्नांची साखळी. इच्छा आहे का? कशाची? किती तीव्र? ती तुमच्या एखाद्या उद्दिष्टाच्या आड येते का? तुम्ही तिला थोपवायचा प्रयत्न केला का? आणि शेवटी, ती पूर्ण केली का? हे सगळे वेगळे प्रश्न आहेत आणि वेगळेच विचारायला हवेत. अनेक आराखड्यांत फक्त 'मोहाला बळी पडलात का' एवढंच विचारलेलं असतं आणि त्याच्या उत्तराला संयम असं नाव दिलेलं असतं. समजा तिघांनी मिठाई खाल्ली. एकाला त्यात काहीच गैर वाटत नव्हतं. दुसऱ्याला वाटत होतं, पण त्याने स्वतःला थांबवायचा प्रयत्न केला नाही. तिसरा झगडला आणि हरला. वागणं तिघांचं एकच. मानसशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्यात काहीही समान नाही. उलट बाजूलाही तोच धोका आहे. इच्छा पूर्ण झाली नाही याचा अर्थ ती थोपवली असा होत नाही. ती वस्तू किंवा संधी समोर नसेल एवढंच. म्हणून या साखळीत माझ्याकडून आणखी एक प्रश्न घाला: 'ती पूर्ण करणं त्या वेळी शक्य होतं का?' हा एक प्रश्न नसेल तर पुढे संयमावरचे सगळे निष्कर्ष संशयास्पद ठरतात.

साखळी नीट मोजली तर दिसतं काय? त्या नोंदींत जवळपास निम्म्या इच्छा कुठल्या ना कुठल्या उद्दिष्टाशी थोड्या तरी टकरावत होत्या. प्रतिकार केला नाही तेव्हा सुमारे 70 टक्के इच्छा पूर्ण झाल्या आणि प्रतिकार केला तेव्हा सुमारे 17 टक्के. थोपवण्याचा प्रयत्न बऱ्यापैकी लागू पडतो, असा याचा अर्थ. दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वभावाचा प्रभाव साखळीच्या सुरुवातीला, म्हणजे इच्छेची तीव्रता आणि टक्कर इथे जास्त होता. मद्य घेतलेलं असणं, समोर दुसरं कोणी तीच गोष्ट करत असणं अशा परिस्थितीचा प्रभाव शेवटाकडे, म्हणजे प्रतिकार आणि कृती इथे जास्त होता. आणि ज्यांचा स्वभावच संयमी, ते झगडण्यात फार पुढे होते असं नाही. त्यांच्यावर झगडायची वेळच कमी येत होती. पुढे 2017 मध्ये मिल्याव्हस्काया आणि इन्झ्लिख्ट यांनी विद्यार्थ्यांवर याच पद्धतीने काम केलं. सत्राअखेर उद्दिष्टं कितपत गाठली गेली याचा अंदाज मोह किती कमी आले यावरून लागला, त्या मोहांना किती नेटाने विरोध केला यावरून नाही. एकदाच भरलेल्या प्रश्नावलीतून हे दोन्ही वेगळे करता आले नसते. 'माझा स्वतःवर ताबा आहे' या वाक्याला होकार देणारा माणूस झगडून ताबा ठेवतो की न झगडता, हे त्या होकारात दिसत नाही.

प्रश्नांच्या रचनेत एक सापळा आहे आणि तो इच्छांच्या अभ्यासात हमखास लागतो. 'इच्छा आहे का' ला 'हो' म्हटलं की पुढे आठ प्रश्न उघडतात आणि 'नाही' म्हटलं की संपतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सहभागी हे ओळखतो. मग इच्छा कमी होत जातात, निदान तुमच्या डेटात तरी. उपाय सोपा आहे. 'नाही' म्हणणाऱ्यालाही तितक्याच लांबीचे दुसरे प्रश्न द्या, उदाहरणार्थ आत्ता चाललेल्या कामाबद्दल. दोन्ही वाटा सारख्याच वेळात संपल्या पाहिजेत.

भावनांचे प्रश्न इच्छांच्या आधी ठेवा. आधी 'ही इच्छा तुमच्या उद्दिष्टाच्या आड येते का' असं विचारलं आणि मग 'कसं वाटतंय' असं विचारलं, तर दुसऱ्या उत्तरात पहिल्या प्रश्नाची टोचणी मिसळते. भावना किती विचाराव्यात यावर मतभेद आहेत. मी दोन गोष्टी कायम ठेवतो: सुखद-दुःखद हा पट्टा, आणि अंगात उत्साह आहे की मरगळ आहे हा पट्टा. त्यापुढे संशोधन-प्रश्नाला लागतील तेवढ्याच ठरावीक भावना घ्याव्यात, जसं की अपराधी वाटणं, चिडचीड, एकटेपणा. मोहाच्या अभ्यासात अपराधीपणा आणि अभिमान हवेतच, कारण इच्छा पूर्ण झाल्यानंतरचा आनंद टक्कर असताना कमी भरतो. हॉफमन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवलं. प्रत्येक महत्त्वाच्या संकल्पनेसाठी निदान दोन प्रश्न ठेवा. एकाच प्रश्नात चूक किती आणि खरा चढउतार किती हे वेगळं काढता येत नाही, आणि इथे तर चढउतार हाच तुमचा विषय आहे. शब्द तेच ठेवा जे माणूस शेजारच्याशी बोलताना वापरेल. 'आत्ता' विचारायचं असेल तर प्रत्येक प्रश्नात 'आत्ता' लिहा, 'मागच्या सूचनेपासून' विचारायचं असेल तर ते लिहा, आणि एका पडद्यावर दोन्ही मिसळू नका.

सरकपट्टी (बोटाने ठिपका सरकवून आकडा निवडायची पट्टी) वापरत असाल तर तिचा ठिपका आधीपासून मधोमध ठेवू नका. माणूस तो न हलवता पुढे जातो आणि तुम्हाला पन्नास हा आकडा खरा वाटतो. बोट ठेवल्यावरच ठिपका उमटेल असं करा.

मोजपट्टीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण पैसा आणि सुख यांच्या वादात तोच निर्णायक ठरला. काहनमन आणि डीटन यांनी 2010 मध्ये 'काल तुम्हाला आनंद वाटला का' अशा हो-नाही प्रश्नांवरून मांडलं की अमेरिकेत वार्षिक सुमारे 75,000 डॉलरच्या पुढे रोजचं भावनिक सुख वाढत नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी 2021 मध्ये फोनवरून 33,391 नोकरदारांची सतरा लाखांहून जास्त क्षणिक उत्तरं सलग मोजपट्टीवर घेतली, तेव्हा सुख त्यापुढेही वाढताना दिसलं. 2023 मध्ये काहनमन, किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांनी एकत्र बसून दोन्हींची सांगड घातली. एका टप्प्यापुढे सुख न वाढण्याची सपाटी होती, पण ती सर्वांत कमी सुखी गटापुरती. हो-नाही प्रश्नांना वरच्या बाजूला जागाच नव्हती. बहुतेक लोक 'हो'च म्हणत असल्यामुळे ते प्रश्न सुखापेक्षा दुःख जास्त मोजत होते. तुमच्या मोजपट्टीत दोन्ही टोकांना जागा आहे का, हे छोट्या पूर्वचाचणीतच तपासा. अर्धी उत्तरं एका टोकाला साचत असतील तर प्रश्न बदला.

आता किती वेळा विचारायचं. जागेपणीचे चौदा तास घ्या, त्यांचे सात सारखे भाग करा, आणि प्रत्येक भागात एक सूचना यादृच्छिक वेळी पाठवा. दोन सूचनांमध्ये निदान अर्धा तास अंतर राहील याची काळजी घ्या. ठरलेल्या वेळी विचारलं तर माणूस त्या वेळेची वाट पाहू लागतो, आणि पूर्ण यादृच्छिक ठेवलं तर दुपारी चार सूचना आणि संध्याकाळी शून्य असंही घडू शकतं. बहुतेक कामांना दिवसाला पाच ते आठ सूचना आणि एक ते दोन आठवडे पुरतात. पण विरळ गोष्टी, उदाहरणार्थ धूम्रपान किंवा भांडण, अशा जाळ्यात फारशा सापडत नाहीत. त्यासाठी 'घडलं की लगेच नोंदवा' असं वेगळं बटण द्यावं लागतं. एकूण समाधानाचा प्रश्न दर सूचनेला विचारू नका. रोज रात्री एकदा, आणि अभ्यासाच्या आधी व नंतर एकदा विचारलं की झालं.

वारंवारतेची भीती लोकांना वाटते, पण ती चुकीच्या जागी आहे. आयझेले आणि सहकाऱ्यांनी बेल्जियममधल्या ल्युव्हेनमध्ये मुद्दाम गट पाडून तपासलं: काहींना दिवसातून तीन वेळा, काहींना सहा, काहींना नऊ वेळा विचारलं, आणि त्यातही काहींना 30 प्रश्नांची तर काहींना 60 प्रश्नांची प्रश्नावली दिली. ओझं वाढलं आणि उत्तरांचा दर्जा घसरला तो लांबीमुळे, वारंवारतेमुळे नाही. म्हणून नववी सूचना काढण्याआधी प्रश्नावलीतले प्रश्न काढा. मी दीड-दोन मिनिटांच्या वर जात नाही. प्रत्येक जादा प्रश्नाबद्दल 'याचं उत्तर मी कुठल्या विश्लेषणात वापरणार' असं सांगता येत नसेल तर तो प्रश्न काढून टाकतो.

फोनची तांत्रिक बाजू कंटाळवाणी आहे, पण अभ्यास बुडतात ते बहुधा इथेच. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवणारी व्यवस्था पार्श्वभूमीतलं ॲप झोपवते आणि सूचना येतच नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर ही सेटिंग वेगवेगळ्या जागी असते, म्हणून सहभागी समोर असतानाच ती बदलून घ्या. आयफोनवर ॲपने फोनमध्येच आखून ठेवलेल्या सूचनांपैकी एका वेळी 64 च शिल्लक राहतात. दिवसाला सात धरल्या तर नऊ दिवसांत त्या जवळपास संपतात आणि ॲप उघडलं गेलं नाही तर दहाव्या दिवशी शांतता. इंटरनेट नसताना उत्तर फोनमध्ये साठलं पाहिजे. प्रवासात वेळेचा पट्टा बदलला तर काय होईल हे आधी पाहा. सूचनेची मुदत पंधरा ते तीस मिनिटं ठेवा, नाहीतर माणूस चार तासांनी निवांत बसून 'आत्ता'चं उत्तर देतो. तयार ॲप बरीच आहेत, स्वतः बनवायच्या भानगडीत पडू नका. आणि कुठलंही निवडलं तरी जुन्या, भरलेल्या, हळू चालणाऱ्या फोनवर आठवडाभर चालवून बघा.

लोक उत्तरं किती देतात? ऱ्झुस आणि नॉयबाउअर यांनी शेकडो अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी सुमारे 79 टक्के आहे. हे प्रमाण चांगलं आहे, पण मला चिंता वाटते ती उरलेल्या 21 टक्क्यांची. कुठले क्षण सुटतात? गाडी चालवताना, बैठकीत, भांडणात, जवळिकीत आणि झोपेत. म्हणजे काही तीव्र क्षण पद्धतशीरपणे गायब होतात. त्यावर पूर्ण इलाज नाही. तरी चुकलेल्या सूचनेनंतरच्या पुढच्या सूचनेत 'मागच्या वेळी तुम्ही काय करत होता' एवढा एक प्रश्न टाकता येतो, आणि न आलेल्या उत्तरांची वेळ-वार पाहून कल ओळखता येतो. मोबदला 'ऐंशी टक्क्यांवर सगळा, नाहीतर काहीच नाही' असा ठेवू नका. त्याने उत्तरं वाढतात, पण डोळे मिटून दिलेली. प्रत्येक उत्तरामागे थोडं द्या. पडद्यावर किती वेळ घालवला आणि सगळ्या पट्ट्यांवर एकच आकडा आहे का, हे नोंदवून ठेवा म्हणजे नंतर निष्काळजी उत्तरं वेगळी काढता येतील.

पहिल्या दिवसाबद्दल सावध राहा. शराउट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की अशा मालिकेतल्या पहिल्या नोंदींमध्ये, विशेषतः त्रासदायक भावनांचे आकडे, फुगलेले असतात आणि मग खाली येतात. ही सुधारणा नव्हे. एक सरावाचा दिवस ठेवा आणि तो मुख्य विश्लेषणात घेऊ नका. नाहीतर तुमचा अभ्यासच लोकांना बरं करतो असा भास होईल.

सहभागींच्या खाजगीपणाबद्दल मी थोडा कडक आहे. तुम्ही विचारताय ते लैंगिक इच्छा, नशा, अपराधीपणा यांबद्दल, आणि विचारताय माणसांच्या मध्ये असताना. लॉक पडद्यावर फक्त 'नवी प्रश्नावली आली आहे' एवढंच दिसलं पाहिजे. प्रत्येक संवेदनशील प्रश्नाला 'सांगायचं नाही' हा पर्याय हवा, आणि तो निवडल्यावर मोबदला कमी होता कामा नये. जीपीएस गरज नसेल तर घेऊ नका. काही दिवसांचं ठिकाण माहीत असलं की नाव काढून टाकूनही माणूस ओळखता येतो. 'घरी, कामावर, प्रवासात, इतरत्र' हा प्रश्न बहुतेक वेळा पुरतो. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारणार असाल, तर ती उत्तरं त्याच दिवशी पाहणारं आणि मदत पोहोचवू शकणारं प्रशिक्षित माणूस नेमलेलं असलं पाहिजे. नसेल तर तो प्रश्न विचारूच नका.

विश्लेषणाबद्दल एकच गोष्ट घट्ट धरा: माणसा-माणसांतला फरक आणि एकाच माणसातला फरक वेगळे करा. नेहमी दिलं जाणारं टंकलेखनाचं उदाहरण इथे अगदी चपखल आहे. वेगाने टाइप करणारे लोक कमी चुका करतात, कारण ते सरावलेले असतात. पण तेच माणूस नेहमीपेक्षा जास्त वेगाने टाइप करू लागलं की त्याच्या चुका वाढतात. दोन्ही खरं आहे आणि दिशा उलट आहेत. तुमच्या डेटात 'ज्यांना फोन पाहण्याची इच्छा जास्त होते ते कमी आनंदी' हे एक विधान आहे, आणि 'ज्या क्षणी ती इच्छा नेहमीपेक्षा जास्त असते तेव्हा मूड उतरलेला असतो' हे वेगळं. त्यासाठी प्रत्येक माणसाची स्वतःची सरासरी काढा, ती मॉडेलमध्ये वेगळी घाला, आणि प्रत्येक क्षणाचं त्या सरासरीपासूनचं अंतर वेगळं घाला. बहुस्तरीय मॉडेल, म्हणजे क्षण आणि माणूस या दोन पातळ्या वेगळ्या धरणारं मॉडेल, लागतंच, कारण एकाच माणसाची पन्नास उत्तरं म्हणजे पन्नास माणसं नव्हेत.

आधीच्या क्षणावरून पुढच्या क्षणाचा अंदाज घेताना रात्र ओलांडू नका. रात्री दहाची नोंद आणि सकाळी आठची नोंद शेजारी असल्या तरी मध्ये झोप आहे. आणि 'आधी' म्हणजे 'कारण' हे गृहीत धरू नका. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांच्या 2010 च्या अभ्यासात 2,250 प्रौढांच्या 46.9 टक्के नोंदींत मन हातातल्या कामावरून भरकटलेलं होतं आणि अशा वेळी आनंद कमी होता. त्यांनी वेळेचा क्रम तपासला आणि भरकटणं आधी, उदासी नंतर असं मांडलं. उलट दिशेचाही पुरावा दुसऱ्या विषयात आहे. टाके, क्वाडबाख आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 28,000 हून जास्त लोकांच्या नोंदींवरून दाखवलं की वाईट वाटत असताना माणूस मूड सुधारणाऱ्या गोष्टींकडे वळतो, आणि बरं वाटत असताना घरकामासारखी कंटाळवाणी पण गरजेची कामं काढतो. म्हणजे मूड कृती निवडतो आणि कृती मूड बदलते. त्यामुळे 'अमुक कृतीने लोक उदास होतात' असं लिहिण्याआधी, उदास असताना लोक तीच कृती निवडतात का हे पाहिलंच पाहिजे. इच्छांच्या बाबतीत हे जास्तच लागू आहे, कारण थकवा आणि कंटाळा इच्छाही जागवतात आणि मूडही उतरवतात.

भावनांच्या चढउतारांचे गुंतागुंतीचे निर्देशांक काढायचा मोह होईल: भावनेची रेंगाळण, अस्थिरता, भावनांमधला सूक्ष्म भेद वगैरे. डेयॉनखेरे आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अनेक डेटासंच तपासून दाखवलं की साधी सरासरी आणि साधा विखुरलेपणा माहीत असेल, तर समाधानाचा अंदाज लावायला हे निर्देशांक फार थोडी भर घालतात. आधी ते दोन आकडे घ्या. त्यापुढे जायचं असेल तर का, हे डेटा गोळा करण्यापूर्वीच लिहून ठेवा.

राहिला माणसांचा आकडा. एकच संख्या सांगणं शक्य नाही, पण ती काढायचा रस्ता सांगतो. तुमचा मुख्य प्रश्न क्षणांच्या पातळीवर असेल, जसं 'टक्कर असलेली इच्छा पूर्ण केल्यावर पुढच्या नोंदीत अपराधीपणा वाढतो का', तर उपयोगी क्षण किती मिळतील ते मोजा. सातपैकी पाच-सहा उत्तरं, त्यातल्या अर्ध्यांत इच्छा, त्यातल्या अर्ध्यांत टक्कर, त्यातल्या काहींत पूर्तता, आणि त्यानंतर त्याच दिवशी दुसरी नोंद हवी. दिवसाला जेमतेम एखादा क्षण हाती लागतो, आणि काही माणसांकडून आठवडाभरात दोन-तीनच. एका माणसाकडून जास्त क्षण घेऊन ही तूट फारशी भरत नाही. माणसं वाढवूनच भरते, कारण हा परिणाम प्रत्येकात वेगळा असतो आणि तो वेगळेपणा माणसं वाढवल्याशिवाय अंदाजता येत नाही. छोट्या पूर्वचाचणीतून सरासऱ्या आणि विखुरलेपणा घ्या, त्यावरून संगणकावर शेकडो कल्पित अभ्यास चालवा आणि कितीव्या माणसापाशी परिणाम भरवशाने दिसू लागतो ते पाहा. स्वभावाशी जोडलेला प्रश्न असेल, जसं 'संयमी लोकांत हा परिणाम कमी असतो का', तर त्याच कल्पित अभ्यासांत तोही घाला. आकडा बराच वाढेल, आणि तेवढी माणसं मिळणार नसतील तर तो प्रश्न या अभ्यासातून आत्ताच काढून ठेवा.